आमची वाटचाल : गळ्यात पडलेल्या एका मोटरपासून

गॅरेज काढलं तेव्हा फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या, गाड्या दुरुस्तीला घ्यायच्या असं काही ठरवून केलं नव्हतं. दादा क्लच-गिअरबॉक्सवाला, मी वायरिंगवाला, एवढंच भांडवल. पण व्हायचं असं की फोर बाय फोरचा दिवा लुकलुकायला लागला की मेकॅनिक म्हणायचा हे वायरिंगचं काम आहे, वायरिंगवाला म्हणायचा हे ट्रान्सफर केसचं (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आहे, आणि गाडीवाला दोघांच्या मधे लटकलेला. आमच्याकडे दोघंही एकाच छपराखाली, त्यामुळे त्या गाड्या आपोआप आमच्या दारात यायला लागल्या.

आल्या खऱ्या, पण आम्ही सुरुवातीला त्यांचं काय करत होतो ते सांगायला आता लाज वाटते. स्कॅनर लावायचा, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायचा, कोडात ज्याचं नाव तो पार्ट बदलायचा. बरेचदा जमून जायचं, म्हणून आम्हाला वाटायचं आपल्याला येतंय.

मग ती गाडी आली. नॉब टू-एचवरून (दोन चाकांना ताकद) फोर-एचवर (चारही चाकांना) फिरवला की खालून मोटरचा घर्र आवाज यायचा, दिवा लुकलुकायचा आणि मग सगळं गप्प. कोड पोझिशन सेन्सर सर्किटचा. ट्रान्सफर केस कुठल्या जागी आहे ते सांगणारा हा सेन्सर ती जागा बदलणाऱ्या शिफ्ट मोटरच्या आतच बसवलेला, सुटा मिळत नव्हता, म्हणून अख्खी मोटर बदलली. दिवा गेला, गिऱ्हाईक खूश, आम्ही पण खूश. १५ दिवसांनी गाडी परत, तोच दिवा तोच कोड. आम्ही म्हटलं पार्टच खराब निघाला असणार, वॉरंटीत दुसरी मोटर घेतली, बसवली, आठवड्याभरात गाडी पुन्हा दारात. ते साहेब ओरडले असते तर परवडलं असतं, ते नुसतं म्हणाले, "तुम्हाला नक्की कळलंय का, काय बिघडलंय ते?"

नव्हतंच कळलं.

त्या दिवशी बाकी कामं बाजूला ठेवली आणि गाडीखाली मल्टिमीटर घेऊन बसलो. सेन्सरला तीन वायरी, एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ (अर्थिंग) आणि एक सिग्नल. मोटर शाफ्ट फिरवेल तसा सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सरकतो आणि त्यावरून मॉड्यूल (ही मोटर चालवणारा कॉम्प्युटर) ओळखतं की ट्रान्सफर केस आत्ता टू-एचमधे आहे, फोर-एचमधे आहे, न्यूट्रलमधे की फोर-एलमधे (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर). (सगळ्या गाड्यांत असाच नसतो, काहींत चार पट्ट्यांचा सेन्सर असतो, प्रत्येक पट्टी नुसती चालू किंवा बंद, आणि चारांच्या जुळणीवरून जागा कळते, तिथे सरकता व्होल्टेज शोधत बसलात तर दिवस जाईल.) तर आम्ही मोजलं, ५ व्होल्ट बरोबर, अर्थ बरोबर, सिग्नल बरोबर. सगळंच बरोबर असलं की मेकॅनिकचं डोकं फिरतं तसं आमचं फिरलं. दादाने वैतागून क्रॉसमेंबरजवळची वायर मुठीत धरून हलवली आणि अर्थच्या पिनवर मीटरने ०.६ व्होल्टवर उडी मारली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. कनेक्टर सोडवून नीट उजेडात धरला तर मागचं रबर सील फाटलेलं, आत चिखलाचं वाळलेलं पाणी आणि अर्थच्या पिनवर हिरवा गंज. अर्थ वर उचलला गेला की सिग्नल पण त्याच्याबरोबर वर जातो, मॉड्यूलला वाटतं शाफ्ट भलत्याच जागी आहे, मग ते मोटर थांबवतं आणि दिवा लावतं.

मग नवी मोटर लावल्यावर १५ दिवस चाललं कसं? तर कनेक्टर काढून घालताना पिना एकमेकींवर घासल्या, गंज थोडा खरवडला गेला आणि तेवढे दिवस निघाले. म्हणजे आम्ही दुरुस्त केलं होतं ते कनेक्टर काढ-घाल करून, मोटर उगाच बदलली. कोडात सर्किट असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आम्ही सेन्सर वाचलं. पिन आणि सील बदललं, साहेबांची जुनी मोटर परत बसवली, त्यांचे पैसे परत केले आणि नवी मोटर आमच्या गळ्यात पडली.

त्यानंतर नियम केला की आधी मोजायचं मग पार्ट मागवायचा. तरी चुका होतच राहिल्या. एक गाडी फोर-एचमधून निघेचना, सेन्सर फोर-एच दाखवतोय, नॉब टू-एचवर, कोड आलेला. मी सेन्सरवर बोट ठेवून मोकळा झालो. दादा गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "पुढची टायरं बघितलीस का?" पुढची जोडी नवी कोरी, मागची गुळगुळीत. पुढची-मागची चाकं सारख्या अंतरात सारखे फेरे घेत नाहीत, कोरड्या रस्त्यावर फोर-एचमधे चालवलं की शाफ्टांना पीळ बसतो आणि पुढचा शाफ्ट जोडणारी आतली स्लीव्ह दाबली जाऊन अडकते, मोटरला ती ओढता येत नाही. गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घेतली, धाड आवाज झाला आणि टू-एच लागलं. सेन्सर बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता. तेव्हापासून स्कॅनरवर लाइव्ह डेटात दोन ओळी शेजारी लावून बघतो, नॉबने काय मागितलं आणि सेन्सर काय सांगतोय. मागणी बदलली पण जागा बदलली नाही तर आधी मोटरला करंट जातोय का, बॅटरी किती आहे, आत काही अडकलंय का ते बघायचं. फोर-एल लागत नसेल तर गिअरबॉक्सचा न्यूट्रल स्विच आणि स्पीडचा सिग्नल पण, कारण गाडी जवळपास थांबलेली आणि न्यूट्रलमधे आहे याची खात्री झाल्याशिवाय मॉड्यूल तिकडे जातच नाही.

एकदा मात्र थोडक्यात वाचलो. ट्रान्सफर केस दोन जागांच्या मधे न्यूट्रलला अडकली होती, गाडी ऑटोमॅटिक, पी (पार्किंग) मधे लावलेली, पोरगा निवांत खाली सरकायच्या तयारीत आणि गाडी हळूच मागे निघाली. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर पी चाकांना धरत नाही, हे आम्हाला माहीत होतं पण हाताला सवय नव्हती. आता हँडब्रेक आणि चाकांना ठोकळे लागल्याशिवाय कुणी बॉनेट सुद्धा उघडत नाही.

धंदा म्हणून बघितलं तर खरा बदल आला तो तपासणीचे वेगळे पैसे लावायला लागलो तेव्हा. काही गिऱ्हाईकं गेली, नुसतं बघायचे पैसे कसले म्हणून. पण जी राहिली ती टिकली, आणि दुसरी गॅरेजं पण गाड्या पाठवायला लागली. त्या पैशातून ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची रेषा पडद्यावर काढणारं यंत्र) घेतला, कारण सिग्नल क्षणभर तुटतो तो साध्या मीटरला दिसत नाही, स्कोपवर मात्र रेषेत खड्डा पडलेला लगेच दिसतो. ट्रान्सफर केसच्या ब्रीदरची (हवा आत-बाहेर जायची) नळी तुंबलीय का हे पण आता प्रत्येक गाडीचं बघतो. तापलेली केस पाण्यात बुडून एकदम गार झाली की आत हवा ओढते, नळी बंद असेल तर सीलमधून पाणीच ओढून घेते.

ती गळ्यात पडलेली मोटर अजून बेंचवर आहे. नवीन पोरगा आला की आधी तीच त्याच्यासमोर ठेवतो, ५ व्होल्ट देतो, स्कोप लावतो आणि सांगतो हाताने फिरव. परवा एकाने फिरवली, रेषा छान चढली, मग त्याने स्वतःहून अर्थची वायर सैल करून बघितली. त्याला दुसऱ्या दिवसापासून कामावर ये म्हटलं.