आप्पांची पेटी आणि कॉम्प्युटरचा पंखा

आप्पांचा आवाज थकायच्या आत त्यांचे पंधरा-वीस अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवावेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बायकोला दुकानाच्या हिशेबासाठी टॅली हवं होतं, पोराला शाळेचे प्रोजेक्ट करायचे होते. कॉम्प्युटर मात्र एकच येणार होता.

बेळगावच्या मित्राकडे ॲपलचा 2024 चा मॅक मिनी बघितला आणि भुललो. तळहातावर मावेल एवढा डबा, आवाज जवळजवळ नाहीच, रेकॉर्डिंगचं गॅरेजबँड ॲप फुकट. किंमत तेव्हा 59,900 रुपये होती, त्यात स्क्रीन-कीबोर्ड नाही. रॅम 16 जीबी, ती नंतर वाढवता येत नाही. तेही चाललं असतं, पण टॅली विंडोजवाल्यांसाठी, मॅकवाल्यांसाठी नाही. घरात बायकोच्या हिशेबापुढं माझं संगीत कुठं टिकणार?

मग लॅपटॉप. आमच्या खानापुरात पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, त्यामुळं बॅटरी सोयीची. भाच्याचा लॅपटॉप आणि उसना ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आणून बघितलं. चार्जर लावला की हेडफोनमध्ये घुंऽऽ, काढला की शांत. जुन्या घरात अर्थिंगचा पत्ता नाही, त्याचा हा प्रसाद. त्यात आप्पांना स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू यायला लागला. बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठवून मग कॉम्प्युटर पुढं सोडतो तो आकडा, 1024 होता. सेकंदाला 48 हजार नमुने (48 किलोहर्ट्झ) धरले तर आवाज नुसता आत यायलाच 21 मिलिसेकंद, बाहेर पडताना तेवढेच परत. इंटरफेसचा असिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाकून बफर 128 वर आणलं, तर ते तीनच्या आत आलं. पण आता लॅपटॉप धापा टाकायला लागला आणि पंखा सुरू झाला. पेटीवरचा हात थांबवून आप्पांनी विचारलं, "कोण रे तंबोरा लावालाय मागं?"

शेवटी असेंबल्ड डेस्कटॉपच ठरवला. बेळगावच्या दुकानदारानं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट पुढं केलं. "गेमिंगचं घ्या की ओ, पोरगा खूश होईल!" गाणं रेकॉर्ड करायला ग्राफिक्स कार्ड कशाला? ते पैसे प्रोसेसर, 16 जीबी रॅम आणि एसएसडीकडं (फाइली साठवायची वेगवान डिस्क) वळवले. रॅमचे दोन खण रिकामे ठेवून घेतले, पुढं लागली तर घालता येईल. वर यूपीएस घेतला. दिव्यांवरून पोरगा दोन दिवस बोलला नाही, ते सोडा.

पंखा डेस्कटॉपलाही असतोच. म्हणून कॅबिनेट आतल्या खोलीत ठेवलं आणि माईकची दहा मीटरची केबल खिडकीतून सोप्यात आणली. ही तीन तारांची बॅलन्स्ड केबल एवढ्या अंतराला कुरकुर करत नाही. यूएसबीची केबल एवढी लांब ओढली असती तर अडलं असतं.

आता आप्पा सूर धरतात, मी खिडकीतून हात करतो, पोरगा आतून बटण दाबतो. परवा शेवटच्या कडव्याला लाईट गेली. यूपीएसनं रेकॉर्डिंग वाचवलं, पण त्याची टूंऽक टूंऽक आप्पांच्या विठ्ठलाच्या गजरात पक्की बसली.