आचके की झटका?

घाटात बंद पडलेल्या मोटारसायकलजवळ जो थांबतो, तो आधी हेच विचारतो, "पेट्रोल आहे ना?" फिटरचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो. "बंद कशी पडली? झटक्यात, की आचके देत?" निम्मं निदान या प्रश्नातच होतं, आणि चालवणाऱ्याला नेमकं तेवढंच आठवत नसतं. तोवर तो किक मारमारून घामाघूम झालेला असतो.

दिवा मालवावा तसा इंजिनाचा आवाज गेला, तर वीज तुटली. हिसके देत, मधेच उचल खात गेली, तर पेट्रोल पोचत नाही. धापा टाकत जड होत थांबली, तर इंजिन तापलंय. ते निवून ऑइल बघेपर्यंत किकला पाय लावू नये.

पावसाळ्यात ताम्हिणीत झटक्यात गेलेल्या गाडीचा पहिला संशयित म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची रबरी टोपी. तिच्यात पाणी शिरलं की ठिणगी भलत्याच वाटेने पळते. टोपी ओढून काढायची, आतून-बाहेरून पुसायची. (खिशातला रुमाल चिंब असतो, रेनकोटच्या आतलं बनियन त्या मानाने कोरडं.) तरीही चालू होत नसेल तर प्लग खोलून टोपीत बसवावा, टोपीला धरूनच त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावेत आणि किक मारावी. हे करताना प्लगच्या भोकापासून लांब राहायचं, तिथून पेट्रोलची वाफ उडते. निळी, टच्‌कन उडणारी ठिणगी दिसली तर वीज शाबूत आहे. पिवळट, मरतुकडी दिसली तर प्लग बदला. प्लग काळा आणि ओला निघाला तर गाडी ओव्हर झालीय, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. चोक बंद, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळलेला, आणि पाच-सहा दमदार किक.

आचक्यांच्या गाडीत गंमत जास्त. कार्ब्युरेटरवाल्या गाडीची टाकी चासीच्या पाइपवर खोगिरासारखी बसते, म्हणजे तळाशी तिचे दोन कप्पे होतात. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीत कॉक, म्हणजे टाकीतलं पेट्रोल सोडणारी चावी, डावीकडे असतो. रिझर्व्हही संपलं की उजव्या कप्प्यात अडकलेलं थोडं पेट्रोल उरतं. कॉक बंद करून गाडी डाव्या अंगाला चांगली कलती करायची, क्षणभर तशीच धरायची, मग उभी करून कॉक रिझर्व्हवर. पंप जवळ असेल तर तेवढ्यावर भागतं.

आणि टाकी निम्मी भरलेली असूनही दर काही किलोमीटरला गाडी मान टाकत असेल, तर झाकण उघडून कान द्या. सुस्‌ असा आवाज आला की चोर सापडला. झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीने बुजलंय. वरून हवा शिरत नाही, म्हणून खालून पेट्रोल उतरत नाही. टाचणीने भोक मोकळं केलं की खेळ संपला. एवढ्यासाठी कार्ब्युरेटर खोलून बसलेले लोक कमी नाहीत.

क्लच वायर तुटली तर मात्र ऐकायचं काही नसतं. ती लिव्हरजवळ, टोकाच्या गोळीपाशी, एकेक तार करून तुटत असते आणि क्लच कडक होऊन आधीच सांगत असतो. रस्ता मोकळा असेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून गाडी उतारावर सोडायची, जरा वेग आला की पहिला गियर दाबायचा. पुढचे गियर अ‍ॅक्सिलेटर क्षणभर सोडून पडतात, थोडे कुरकुरत. थांबण्याआधी न्यूट्रल आठवणीने. चेनची दोन टोकं जोडणारं लॉक पडलं तर नवं बसवताना पट्टीचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं. मासा डोकं पुढे करून पोहतो, तसं.

2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाड्यांना ना कॉक, ना चोक. तिथे किल्ली फिरवून टाकीला कान लावायचा. टाकीतल्या पंपाची दोन-तीन सेकंदांची घुंईं ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज तपासायचा. त्याच्याही आधी हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण बघायचं. रेनकोटच्या बाहीने ते कधी दाबलं जातं कळत नाही, आणि मग धडधाकट गाडी चढावर ढकलत नेली जाते.