शॅग कटमध्ये खरा खेळ केस धरण्याचा

लेयर कटवर माझा हात बसला होता, म्हणून मावसबहिणीने शॅग, म्हणजे थराथरांचा, विस्कटलेला दिसणारा कट, करून मागितल्यावर लगेच हो म्हटलं. तिने फोटो दाखवला तो अभिनेत्री जेन फोंडाचा, १९७१च्या ‘क्लूट’ सिनेमातला. हा कट तिथूनच गाजला. तो केला होता न्यूयॉर्कचा केशरचनाकार पॉल मॅकग्रेगर याने. बहिणीचे केस दाट आणि लाटदार. असे केस ओले करून ताणून कापले तर सुकल्यावर वर चढतात, म्हणून कोरडेच कापायचं ठरवलं.

सुरुवात फ्रिंजपासून, म्हणजे कपाळावरच्या केसांपासून केली. मधे आखूड, कानशिलांकडे लांब होत जाणारी. पुढचे थर तिच्याच मापाने चालतात.

मग भोवरा. तिथून चहूकडे पाचरीसारखे भाग पाडले, प्रत्येक भाग डोक्याला ९० अंशांत उभा धरला आणि आधी कापलेल्या भागातली बारीकशी बट गाइड म्हणून, म्हणजे मापासाठी, सोबत घेतली. बट जाड घेतली की खालचं माप दिसत नाही आणि अंदाजाने कात्री चालते. मानेवरचे केस मात्र सरळ वर, भोवऱ्याकडे ओढले. जितके लांबून आणाल तितकी लांबी खाली शिल्लक राहते. बाजूचे केस याच हिशेबाने पुढे, फ्रिंजकडे ओढून कापले. कानामागची लांबी आपोआप वाचली. कानावर ताण अजिबात द्यायचा नाही, नाहीतर तिथे खाच पडते.

“अगं, किती कापतेस!” बहीण खाली पडलेले केस बघत होती. शॅगमध्ये हे होणारच. केस जातात ते पोटातले. लांबी फारशी हलत नाही.

टोकांवर कात्री आडवी चालवली नाही. उभी धरून टोकाटोकाने टिपत गेले, त्यामुळे कडेला रेघ उमटली नाही. रेझरने हा विस्कटलेपणा लवकर येतो हे खरं, पण तो ओल्या केसांवरच चालवावा. कोरड्यावर ओढला की केस पिंजतात, आणि कुरळ्या केसांवर मी तो हातातही घेत नाही. विरळ केसांना तर वरचे थर कमीच बरे. नाहीतर खाली नुसत्या शेपट्या लोंबतात.

शेवटी उभे कापलेले भाग आडवे धरून तपासले. थिनिंग कात्री, म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्री, त्या दिवशी लावलीच नाही. केस एकदा धुऊन, नेहमीसारखे वाळवून ये म्हटलं. आली तेव्हा उजव्या कानामागे थोडा फुगवटा होता, तेवढाच काढला, तोही मुळापासून चांगला लांब. मुळाशी बारीक केलेले केस वाढताना उभे राहतात आणि वरचा थर उचलतात.