तुम्ही विचारलंत म्हणून: नाथसागराच्या काठी जंगल का नाही?

"दुष्काळी मराठवाड्यात राहून पाण्यात उभ्या राहणाऱ्या जंगलांचा ध्यास कशाला?" असे पैठणला भेटणारे बहुतेक जण मला विचारतात. उत्तराची सुरुवात मी करंजापासून करतो. आपल्या ओढ्याकाठचा हाच करंज बांगलादेशातील सिल्हेटजवळच्या रातारगुल या गोड्या पाण्याच्या दलदली जंगलातील मुख्य वृक्ष आहे आणि पावसाळ्यात तेथे २० ते ३० फूट पाणी चढते. त्याच्या शेंगा तरंगत काठाला लागतात आणि तेथेच रुजतात.

मग १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाकाठी, म्हणजे नाथसागराकाठी, असे जंगल का वाढले नाही? पाणी फार चढते-उतरते, हे नेहमीचे कारण मला पुरेसे वाटत नाही. कंबोडियातील तोन्ले साप सरोवर दरवर्षी सात-आठ मीटर चढते, उन्हाळ्यातील सुमारे २,५०० चौरस किलोमीटरवरून पावसाळ्यात दहा हजारांपलीकडे पसरते, आणि तरीही त्याच्याभोवती समुद्रफळाच्या झाडांचे जंगल आहे, ज्याच्या बुडालेल्या फांद्यांमध्ये मासे वाढतात. पण तेथे मेकाँग नदीचा पूर दरवर्षी ठरावीक महिन्यांत येतो. नाथसागर मात्र नाशिक-अहिल्यानगरच्या पावसावर अवलंबून असतो; एखाद्या वर्षी तो काठोकाठ भरतो, तर एखाद्या वर्षी मृतसाठ्यावर, म्हणजे तळाशी उरणाऱ्या पाण्यावर, येतो. रोपाला पाण्याच्या वर डोके काढण्याइतकी सलग वर्षे मिळतच नाहीत.

दुसरे कारण गाळपेर, म्हणजे धरणाच्या उघड्या गाळात केलेली पेरणी. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर नांगर फिरतो आणि त्याखाली रोपेही जातात. धरणात जमिनी गेलेली माणसेही ती करणाऱ्यांत आहेत, त्यामुळे मी गाळपेरीला अतिक्रमण म्हणणार नाही. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, पण त्याच्या नावातच पक्षी असल्यामुळे काठच्या झाडांची गोष्ट क्वचित निघते.

माझे मागणे छोटे आहे: पूर्ण संचय पातळीलगतचा (धरण भरल्यावर पाणी पोहोचते त्या रेषेजवळचा) अरुंद पट्टा न नांगरता सोडावा, बेशरम हे माजणारे झुडूप काढून तेथे करंज, वाळुंज, अर्जुन आणि जांभूळ वाढू द्यावेत, आणि गाळपेर करणाऱ्यांशी बोलूनच हा पट्टा ठरवावा. निव्वळ रोपे लावून भागणार नाही, कारण कोरड्या वर्षात राखणही लागते. २०१६ च्या दुष्काळात तोन्ले सापचे मोठे जंगल आगीत जळाले होते. म्हणून यंदा जमवलेल्या करंजाच्या शेंगा मी एकदम न पेरता, पाणी पोहोचते त्या शेवटच्या रेषेवर थोड्या आणि तिच्या हातभर खाली थोड्या टाकणार आहे, आणि कोणत्या ओळीतील रोपे दुसरा पावसाळा पाहतात याची नोंद ठेवणार आहे.