जेरुसलेम गटाने पाहायचं असेल तर आधी वार पाहा

आमच्या हातात दिलेल्या छापील कार्यक्रमात शनिवार असा होता: सकाळी ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीखालचे बोगदे, मग ज्यू वस्तीतलं हुर्वा सिनेगॉग (म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि चार सेफार्दी सिनेगॉगं, दुपारचं जेवण माहाने येहुदा बाजारात, संध्याकाळी खरेदी. यातलं काहीही शनिवारी होत नाही. बोगदे बंद, सिनेगॉगं प्रार्थनेसाठी उघडी पण पर्यटकांना बंद, बाजाराची शटरं खाली. ज्याने हा कार्यक्रम बनवला तो जेरुसलेमला कधी गेला असेल यावर माझा विश्वास नाही. नकाशावर ठिकाणं जवळजवळ दिसली की त्याने एका दिवसात कोंबली, एवढंच.

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. गटाच्या दृष्टीने तो शुक्रवारी दुपारीच सुरू होतो, हे कोणी सांगत नाही. दुकानं दोन-तीनच्या सुमाराला आवरायला लागतात. शहराच्या बस आणि ट्राम संध्याकाळच्या आधीच थांबतात, त्या थेट शनिवारी रात्री सुटतात. आमच्या बसचालकाने तीन वाजता आम्हाला पश्चिम भिंतीजवळच्या डंग गेटपाशी उतरवलं, हसतमुखाने 'शब्बाथ शालोम' म्हटलं आणि गेला. तो रविवारी सकाळी उगवला. चूक त्याची नाही. धार्मिक माणूस आहे, त्याला घरी जायचं होतं. पण शुक्रवारी रात्री गटाला हॉटेलवर कोण नेणार, हे कार्यक्रमात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पश्चिम भिंतीपुढची संध्याकाळ मात्र बघाच. काळे कोट घातलेले म्हातारे, खांद्याला रायफल लटकवलेली सैनिक पोरं, सगळे हात धरून गाणी म्हणत नाचत असतात. पुरुषांनी डोकं झाकायचं, स्त्री-पुरुषांच्या बाजू वेगळ्या, आणि शब्बाथ लागल्यावर फोटो काढायचा नाही. फोन खिशातच ठेवा. आमच्यातल्या एकाने बाहेर काढला, तर एक बाई लांबून ओरडत आली.

आणि मग परतीचा प्रवास. हॉटेल फ्रेंच हिलला, म्हणजे जुन्या शहरापासून पाचेक किलोमीटर, चढाचा रस्ता, आणि गटात निम्मे साठीच्या पुढचे. फाटकाबाहेर उभे असलेले टॅक्सीवाले आमचीच वाट बघत होते. एका टॅक्सीचे दीडशे शेकेल. मीटर दाखवला तर म्हणाला, "शब्बाथ, नो मीटर." हे साफ खोटं आहे. मीटर शब्बाथलाही चालतो, फक्त रात्रीचा आणि शब्बाथचा दर थोडा चढा असतो. घासाघीस करून एकशेवीसवर आणलं. रविवारी त्याच रस्त्याला मीटरने पन्नासच्या आत भागलं. चार टॅक्सी गुणिले फरक, हिशेब तुम्हीच करा. मी तो हिशेब अजून करतोय.

हे टाळायला फार काही लागत नाही. हॉटेल जुन्या शहरापासून चालत जाता येईल असं घ्या: जाफा गेट किंवा दमास्कस गेटच्या आसपास. दिवसाला जे जास्त पडतील ते शुक्रवारी रात्रीच वसूल होतात. टॅक्सी अ‍ॅपवरून बोलवा, म्हणजे मीटरचा वाद उरत नाही. दमास्कस गेटजवळच्या स्थानकातून पूर्व जेरुसलेमच्या अरब बस शनिवारीही सुटतात, त्या विसरू नका. पाणी, फळं, औषधं शुक्रवारी दुपारी बाराच्या आत घेऊन ठेवा. हॉटेलात शुक्रवारचं रात्रीचं जेवण आधीच सांगून, पैसे भरून ठेवा.

लिफ्टचंही विचारून घ्या. आमच्या हॉटेलात दोन लिफ्ट, त्यातली एक शब्बाथवर लावलेली. शब्बाथला यंत्र चालवणं, विस्तव पेटवणं धर्माला चालत नाही, म्हणून कोणी बटण दाबायचं नाही, ती आपणहून प्रत्येक मजल्यावर थांबते. दार उघडतं, समोर रिकामा व्हरांडा, दार मिटतं, पुढचा मजला. आमच्या खोल्या आठव्यावर. गुडघे धरून उभ्या असलेल्या एक काकू पाचव्या मजल्यावर म्हणाल्या, "जिन्याने आले असते तर एव्हाना झोपले असते." सकाळी आम्लेट नाही, कॉफीचं यंत्र बंद, थर्मासातलं पाणी कोमट.

मग शनिवारी करायचं काय? ज्यूंचं जे काही ते बंद, म्हणून दिवस वाया जात नाही. मसादा (मृत समुद्राकाठचा डोंगरी किल्ला) आणि कुमरान (मृत समुद्राची गुंडाळपत्रं सापडली ती जागा) ही राष्ट्रीय उद्यान खात्याची ठिकाणं शनिवारी उघडी असतात. बस आणि वाटाड्या पूर्व जेरुसलेमचा अरब घ्या, तो शनिवारी काम करतो. शहरातच राहायचं असेल तर पवित्र समाधीचं चर्च आणि जैतुनाच्या डोंगरावरची चर्चेस शनिवारी करा. रविवारी तिथे प्रार्थनांची गर्दी. जुन्या शहराच्या मुस्लिम आणि ख्रिस्ती भागांत शनिवारी जेवायला मिळतं, आणि चांगलं मिळतं.

हरम अल्-शरीफ, म्हणजे ज्यूंचं मंदिर जिथे होतं ते पठार, याचं गणित नेमकं उलटं. बिगरमुस्लिमांना फक्त रविवार ते गुरुवार प्रवेश, तोही सकाळी काही तास आणि दुपारच्या नमाजानंतर साधारण तासभर. शुक्रवार-शनिवार नाव काढू नका. आत जायला एकच वाट, पश्चिम भिंतीशेजारचा मुघ्राबी पूल. बाहेर मात्र कुठल्याही दरवाजाने पडता येतं. रांग उघडण्याच्या वेळेआधीच लागते. तोकडे कपडे चालत नाहीत, आणि पिशवीत बिगरमुस्लिम धर्मग्रंथ किंवा पूजेची वस्तू सापडली तर ती बाहेरच ठेवावी लागते. पठारावरच्या सुवर्णघुमटाच्या आत पर्यटकांना सोडत नाहीत, तेव्हा घुमट बाहेरूनच. तरी जा. त्या फरशीवरून चालल्याशिवाय खालच्या भिंतीचं माप कळत नाही.

यहूदाचा राजा हिज्कीया याचा बोगदा हा सगळ्या सहलीचा कळस. इथे मी निष्पक्ष नाही. ५३३ मीटर लांब, इ.स.पू. आठव्या शतकात कातळात खोदलेला, असिरियन वेढा पडला तरी पाणी शहरात यावं म्हणून. आजही त्यातून गीहोन झऱ्याचं पाणी वाहतं. सुरुवातीला मांड्यांपर्यंत येतं, पुढे घोट्यापर्यंत उतरतं. जागोजागी खांदे दोन्ही भिंतींना घासतात. छत खाली येतं तिथे उंच माणसाने वाकायचं. विजेरी ज्याची त्याने आणायची, अंधार पुरता आहे. दोन बाजूंनी दोन टोळ्या खणत आल्या आणि मध्ये भेटल्या. मधल्या वळणाशी विजेरी भिंतीवर धरा: एका ठिकाणापर्यंत छिन्नीचे घाव एका दिशेने पडलेले, आणि तिथून पुढे उलट्या दिशेने. समोरच्यांचे आवाज ऐकू आले असं सांगणारा शिलालेख १८८० मध्ये याच बोगद्याच्या दक्षिण टोकाजवळ सापडला. तो आता इस्तंबूलला आहे.

ज्याला बंद जागेची भीती वाटते त्याने शेजारच्या कोरड्या कनानी बोगद्याने जावं, त्यात कमीपणा नाही. साध्या चपला नकोत, पट्ट्याच्या सँडल हव्यात. बाहेर पडल्यावर वर परतायचा चढ बोगद्यापेक्षा वाईट आहे, ने-आण करणारी गाडी मिळाली तर पैसे द्या आणि बसा. हे ठिकाणही शनिवारी बंद आणि शुक्रवारी लवकर आटोपतं. आमच्या कार्यक्रमात ते शुक्रवारी दुपारी होतं, म्हणजे आत शिरल्याबरोबर "चला, चला" सुरू. मंगळवारी करा. इस्राएल संग्रहालय मंगळवारी संध्याकाळी चारला उघडतं, तेव्हा सकाळी बोगदा आणि संध्याकाळी मृत समुद्राची गुंडाळपत्रं असा दिवस छान जुळतो.

मसादाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. डोंगराला दोन बाजू आहेत आणि त्या गाडीरस्त्याने थेट जोडलेल्या नाहीत. पूर्वेला मृत समुद्र, रोपवे आणि सर्पवाट: साडेतीनशे मीटरच्या आसपास चढ, तासभर, सावली शून्य, कडक उन्हाळ्यात वाटच बंद करतात. पश्चिमेला अरादकडून येणारा रस्ता आणि रोमन सैन्याने इ.स. ७३-७४च्या वेढ्यात रचलेला उतार. त्यावरून वीस मिनिटांत वर. गुडघेवाल्यांनी रोपवे, बाकीच्यांनी उतार, असं कोणी सुचवलं तर नकार द्या. गट फुटतो, आणि बसला एका बाजूहून दुसऱ्या बाजूला यायला तासाहून जास्त लागतो. आम्ही तो तास वाहनतळावर काढला. सर्पवाट चढल्याने पुण्य लागत नाही. वरचं सिनेगॉग आणि हेरोद राजाचा उत्तरेचा राजवाडा बघायला पायांत जीव शिल्लक हवा.

उत्तरेकडच्या गालिलीचे दिवस निवांत गेले. कफर्णहूमला काळ्या बेसाल्टच्या पायावर पांढऱ्या चुनखडीचं सिनेगॉग आहे, बघून घ्या. सफेदला गल्ल्या आणि पायऱ्या, ठीक.

बेथलेहेम जोडायचं असेल तर सीमेवर वाटाड्या बदलावा लागतो, कारण ते पॅलेस्टिनी प्रशासनाखाली आहे आणि तिथे जायला इस्राएली नागरिकांना बंदी आहे. दुसऱ्या वाटाड्याचे पैसे आमच्याकडून ऐन वेळी मागितले गेले. आधीच लेखी घ्या. हेब्रोनची मखपेलाची गुहा, म्हणजे अब्राहमाच्या कुटुंबाची समाधी, ज्यू आणि मुस्लिम अशी वाटलेली आहे. शुक्रवारी एक बाजू बंद, शनिवारी दुसरी, शिवाय वर्षातले काही दिवस अख्खी वास्तू एकाच समाजाकडे असते. या दोन्ही ठिकाणी आणि एकूण देशातच परिस्थिती आठवड्यात पालटते. तिकिटं काढण्यापूर्वी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा, आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे कागदावर घ्या.

तारखा ठरवताना हिब्रू पंचांग उघडाच. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाला, गाड्या रस्त्यावर येतच नाहीत आणि विमानतळही बंद असतो. पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आठवड्यात कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, हॉटेलात पाव मिळत नाही आणि खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. सुक्कोथला (मांडवांच्या सणाला) पश्चिम भिंतीपुढे पाय ठेवायला जागा नसते. हे सण पंचांगाप्रमाणे सरकतात, गेल्या वर्षीच्या तारखा उपयोगाच्या नाहीत.

उत्तरेला जाताना बेट अल्फा या गावचं पुरातन सिनेगॉग मात्र कोणाच्याही सांगण्यावरून वगळू नका. आमच्या वाटाड्याला ते गाळायचं होतं, "एकच फरशी आहे" म्हणाला. १९२८च्या अखेरीस किबुत्झची (सामूहिक शेतीच्या वस्तीची) पोरं पाण्याचा पाट खणताना ती लागली: सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची रंगीत खड्यांच्या चित्रांची जमीन, मधोमध चार घोड्यांच्या रथातला सूर्यदेव आणि भोवती बारा राशी. कोपऱ्यांतले चार ऋतू राशींशी जुळतच नाहीत, कारागिराने बिनदिक्कत चुकवलेत. अर्धा तास पुरतो. आम्ही दीड तास बसलो आणि वाटाड्या घड्याळ बघत राहिला.