पावडर ब्लू टँगला इच झाला होता, आज दिवस ३१, डिस्प्ले अजून रिकामाच

मंडळी, टँग हा माझा खाऱ्या पाण्यातला मासा, इच म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी, आणि डिस्प्ले म्हणजे कोरल असलेला मुख्य टँक, म्हणजेच रीफ. टँगच्या ठिपक्यांचा फोटो टाकल्यापासून बरेच जण विचारतायत की औषध रीफमध्येच टाकलं तर चालेल का. नाही चालणार. इचवरचं औषध म्हणजे कॉपर, आणि कॉपरने झिंगा, गोगलगायी, कोरल सगळे मरतात, शिवाय रॉक आणि वाळू ते शोषून घेतात ते वेगळंच. मासा बाहेर काढूनच उपचार करायचे.

दिवस १ ला अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे सुटे सुटे दाणे होते, रॉकला अंग घासत होता, पण खात होता आणि श्वासही ठीक होता म्हणून इच धरला. पिठासारखी बारीक धूळ आणि धापा टाकणं दिसलं तर तो व्हेल्वेट, म्हणजे दुसरा एक परजीवी, असू शकतो, त्यात वाट बघायला वेळच नसतो.

पकडायला दोन तास गेले. ३०० लिटरमधलं अर्धं पाणी ड्रममध्ये काढलं, रॉक उचलले, तेव्हा कुठे जाळ्यात आला. बाकीचे मासे, दोन्ही क्लाउन आणि रॉयल ग्रामा, यांच्यावर एकही ठिपका नव्हता तरी त्यांनाही काढलं, कारण एक जरी मासा आत राहिला तरी परजीवीला घर मिळतं. माशाशिवाय तो जगत नाही, पण त्याच्या गाठी रॉक-वाळूवर चिकटून राहतात आणि त्या फुटायला ७२ दिवस लागल्याचीही नोंद आहे, म्हणून डिस्प्ले ७६ दिवस बिनमाशाचा ठेवतोय. गरम पाण्यात सहा आठवडे पुरतात असं बरेच जण म्हणतात, मला ती रिस्क घ्यायची नाहीये.

क्यूटी, म्हणजे उपचाराचा वेगळा टँक, ८० लिटरचा, तळ मोकळा, हीटर, स्पंज फिल्टर आणि हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी एल्बो लपायला. कॉपर चिलेटेड (पाण्यात बांधून ठेवलेलं) वापरतोय, ०.५ पासून हळूहळू २.२५ पीपीएमपर्यंत नेलं. १.५ ला टँगने खाणं सोडलं तर एक दिवस तिथेच थांबलो, लसणाच्या रसात भिजवलेली नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी तोडायला लागला तेव्हा इतकं बरं वाटलं! लसणाने इच जात नाही, फक्त खायची इच्छा होते. हॅना कंपनीच्या हाय रेंज चेकरवर (कॉपर मोजायच्या यंत्रावर) रोज मोजतो, २.० च्या खाली गेलं की दिवस परत पहिल्यापासून मोजायचे.

दिवस ४ ला ठिपके गायब. बाबा म्हणाले, झाला की बरा, सोड परत. पण तो बरा झालेला नसतो, परजीवी पोट भरून खाली पडलेला असतो आणि तिथे गाठ करून शेकडो पिल्लं सोडायच्या तयारीत असतो. इथेच सगळ्यात जास्त मासे जातात असं माझं मत आहे.

माझी चूक अमोनियात झाली. स्पंज कोरा होता, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात अजून नव्हते, दिवस ६ ला अमोनिया ०.५ आणि एक क्लाउन पाण्याच्या वर तोंड काढून. अमोनिया डिटॉक्सची बाटली हातात घेतली होती, पण कॉपरसोबत ती कधीही टाकू नका, त्याने कॉपर जास्त विषारी होतं. ३० लिटर पाणी बदललं, आणि नवीन पाण्यात आधीच २.२५ कॉपर मिसळून घेतलं, नाहीतर लेव्हल पडली असती. तेव्हापासून एक जादा स्पंज कायम संपमध्ये (डिस्प्लेला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) भिजत ठेवलाय, म्हणजे त्यात जीवाणू तयार असतात. क्यूटीत टाकलेला परत संपमध्ये मात्र जाणार नाही.

हे आलं कुठून? दोन महिन्यांत नवीन मासा एकही नव्हता, फक्त एक झोआचा फ्रॅग, म्हणजे कोरलचा छोटा तुकडा, थेट टँकमध्ये लावलेला. गाठ त्याच्या प्लगवर (तो चिकटवलेल्या बैठकीवर) आली असणार असं वाटतं. आता कोरल असो की गोगलगाय, आधी ७६ दिवस वेगळ्या बिनमाशाच्या टबात.

२.० ची लेव्हल दिवस ७ ला लागली, म्हणजे कॉपरचे ३० पैकी २४ झाले. मग कार्बन (कोळशाचा फिल्टर) लावून कॉपर काढणार आणि डिस्प्लेचे दिवस संपेपर्यंत सगळ्यांना क्यूटीतच नजरेखाली ठेवणार. जाळी, बादल्या दोन्हीकडच्या वेगळ्या, आणि हात आधी डिस्प्लेत, मग क्यूटीत, उलटं नाही.

क्लीनर झिंगा रोज काचेजवळ येऊन मिशा हलवत उभा राहतो, साफ करायला मासाच नाही त्याला. अजून ४५ दिवस.