घरात कोंकणी, आरतीला मराठी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली हा प्रश्न मी हसून सोडून देते. पुण्या-मुंबईची माणसं म्हणतात, "घरी कोंकणी बोलता, मग लिहिता मराठीत कशा?" पणजीत तोच प्रश्न उलट्या बाजूनं येतो, "कोंकणी मनीस तूं, मराठींत कित्याक बरयता?" विचारणारे वेगळे, पण मी एक काय ते ठरवून टाकावं ही अपेक्षा दोघांचीही.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. आई रागवायची कोंकणीत, शेजारणींशी गजाली कोंकणीत, मासळीवालीशी घासाघीस कोंकणीत. संध्याकाळी पोथी उघडली की तिचीच भाषा मराठी व्हायची, आवाजसुद्धा बदलायचा. गणेश चवथीला घुमट हे मातीच्या घड्याचं वाद्य, शामेळ, कासाळें वाजू लागली की आरत्या मराठी. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे ते गेलं आणि बकऱ्याचं आलं. नाद पूर्वीसारखा राहिला नाही, अशी तक्रार म्हातारे वाजवणारे दर चवथीला न चुकता करतात. आरत्या मात्र त्याच. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, पेंगत बसलेल्या पोराला त्यांचा अर्थ कळत नसतो, पण देवाशी बोलायची भाषा वेगळी आणि जेवायला हाक मारायची वेगळी, एवढं त्याला नक्की कळलेलं असतं. समाजशास्त्राच्या पुस्तकात समाजीकरणाची व्याख्या वाचली तेव्हा मला ही माटोळीच आठवली.

पण खरी शाळा म्हणजे जत्रेतलं नाटक. गोव्याबाहेरच्या माणसाला याची कल्पना येत नाही. इथे गावोगावी देवळाच्या उत्सवात गावकरीच मराठी नाटक करतात, बहुतेक वेळा ऐतिहासिक किंवा पौराणिक. पावसाळा सरला की देवळात रात्री तालमी सुरू होतात. दिवसा ट्रक चालवणारा संभाजी होतो, पसऱ्यावर, म्हणजे दुकानात, बसणारा औरंगजेब. दरबारात ताठ मानेनं लांबलचक स्वगत म्हणणारा संभाजी विंगेत आला की पहिलं विचारतो, "च्या हाडली मरे?", चहा आणला ना रे? यात काही विसंगती आहे असं त्याला वाटत नाही, प्रेक्षकांनाही नाही. राजे, संत आणि देव मराठीत बोलतात, आपण कोंकणीत, इतकं ते सरळ आहे. मोठा इतिहास मराठीतून आला आणि घरचा कोंकणीतून. याची किंमतही पडली. आपण बोलतो ती भाषा नव्हेच, नुसती बोली, असं आमच्या कित्येक पिढ्या मनापासून मानत आल्या. मी मराठीत लिहिते तरी म्हणते, तो अन्याय होता.

आता हे असं का झालं, तर त्याला नदी कारण आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली, पुढे बारदेस आणि सासष्टी. तिथली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि जुवारी ओलांडून फोंड्यात आणले, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंडा पोर्तुगीजांच्या हाती लागला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून इकडे पोथी राहिली. पलीकडे त्याच भाषेत बोलणारी, कदाचित त्याच कुळांतली माणसं ख्रिस्ती झाली, रोमी म्हणजे रोमन लिपीत कोंकणी प्रार्थना लिहू लागली, पुढे तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, करू लागली. माझं घर नदीच्या त्या काठी असतं तर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नसता, दुसरा विचारला असता. तरी नाती तुटली म्हणावीत तर शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण लोक अजून बहिणी मानतात.

समूहाची ओळख मात्र अशी आपोआप मुरत नाही, ती कधीकधी ठरवून घडवावी लागते. देवळांच्या सेवेला बांधलेल्या कलावंत वगैरे घरांकडे पाहा. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर अशी थोर माणसं तिथली. पण बाकीच्या समाजानं त्यांना दिलेली ओळख अपमानाची होती. विसाव्या शतकात या लोकांनी वेगवेगळ्या पोटजाती एकत्र करून 'गोमंतक मराठा समाज' हे नाव घेतलं, मुलींना शाळेत घातलं आणि जुनं सगळं मागे टाकलं. संस्कृती माणसाला घडवते हे खरं, पण नको असलेली ओळख उतरवून ठेवणारी माणसंही त्याच संस्कृतीत निघतात. गोव्यातल्या सगळ्या भाषावादांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

भाषावाद म्हटल्यावर 1967 आलंच. 16 जानेवारीला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आमच्या घरात बाबा फुलाचे, धाकटे काका दोन पानांचे. एकाच आईच्या हातची पेज खाल्लेले, एकाच आरत्या पाठ असलेले दोन भाऊ. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली आणि आमच्याकडे काही दिवस जेवणाच्या पंगतीत कुणी कुणाशी बोललं नाही, असं आजी सांगायची. बाबांच्या मनात महाराष्ट्रापेक्षा शाळा होती, असं मला आता वाटतं. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्यांच्या घरात तोवर पाटी-पेन्सिल शिरली नव्हती, त्यांना मराठी ही वर चढायची शिडी होती. काकांना भीती होती ती एवढ्या मोठ्या राज्याच्या कोपऱ्यात विरघळून जाण्याची. दोघांनाही आपण खरे गोंयकार, म्हणजे गोवेकर, वाटायचं, आणि माझ्या मते दोघेही होतेच. 1987 मध्ये देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, सरकारी कामासाठी मराठीलाही जागा राहिली. वाद संपला नाही, पण पंगत सुरू झाली.

जनगणनेच्या अर्जात मातृभाषेला एकच जागा असते, येणाऱ्या इतर भाषांसाठी मात्र दोन. मी कोंकणी सांगते, मग मराठी, मग इंग्रजी. यात मला लपवावंसं काही वाटत नाही. बाबा मात्र मातृभाषा म्हणून आयुष्यभर मराठीच सांगत आले, आणि तेही खोटं बोलत नव्हते.

भाचा इंग्रजी शाळेत शिकला. यंदा जत्रेच्या नाटकात त्याला हंबीररावाचं काम मिळालंय. देवनागरी वाचताना अडखळतो, म्हणून त्यानं सगळे संवाद मोबाईलवर रोमी अक्षरांत टाईप करून घेतलेत आणि वेळ मिळेल तेव्हा घोकतो. 'ळ' चांगला म्हणतो, 'ण' कडे लक्ष द्यायला हवं, असं तालीम मास्तरांचं मत आहे. तो गोंयकार आहे का, मराठी आहे का, हे त्याला कुणी अजून विचारलेलं नाही. सध्या त्याची एकच काळजी आहे, तलवार उजव्या हातात धरली तर शेला कुठल्या खांद्यावर घ्यायचा.